सिद्धम्माचा शिवदारा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नुसतं ऊन आहे. लातूर नवानवा जिल्हा झालेला, पाऊस मात्र रुसून बसलेला. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेत टँकरभोवती घागरींची झुंबड, आणि त्या गर्दीकडं दोघी बायका निघाल्यात. पुढं शिवकांता, लातुरात दिलेली नणंद. मागं तिची वहिनी सिद्धम्मा, शिरूर अनंतपाळची.

सिद्धम्मा हस्तकलेच्या प्रदर्शनाला आली होती. ती शिवदारे वळायची, म्हणजे लिंगायत माणूस गळ्यातलं इष्टलिंग ज्यात बांधतो तो दोरा. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला. खडी फोडून सोललेल्या हातांनी ती सूत पिळायला शिकली आणि त्या सुतावर तिनं लेकरं वाढवली. गिऱ्हाइकाला एवढंच सांगायची, "माझा दारा माणसासंगं मातीत जातो. त्याच्याआधी तुटत न्हाई."

सकाळीच नांदेडच्या वीरण्णा शेटजींनी नातीच्या दीक्षेसाठी तिचा एक दारा घेतला होता. दुपारी मांडव ओस पडला, तशी शिवकांतानं तिला शहर दाखवायला ओढून नेलं. सिद्धेश्वराचं देऊळ झालं, छोटी रेल्वे झाली, कलेक्टर कचेरीची नवी पाटी झाली. जिल्हा जणू आपल्याच अर्जावर मंजूर झाला, अशा तोऱ्यात शिवकांता सगळं दाखवत होती. सिद्धम्मानं पाटी न्याहाळली आणि विचारलं, "लई झ्याक हाय. हिच्यामागं नळ हाय का?"

मग गोलाई. टँकरच्या रेटारेटीतून दोघी कशाबशा पलीकडं निघाल्या. सवयीनं सिद्धम्माचा हात छातीवर गेला आणि तिथंच थिजला. गळ्यात दाऱ्याची दोन टोकं लोंबत होती. तिच्या आईनं दिलेला चांदीचा चौका, म्हणजे लिंगाची डबी, नव्हता, आतलं लिंग नव्हतं.

भर प्रवेशात नटाची वाचा जावी, तशी ती उभी राहिली. दीक्षेच्या दिवसापासून ते लिंग अंगावेगळं झालं नव्हतं. ते अंगावर नसेल तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही तिच्या घरची शिस्त.

"वैनी, दारा तुटला की वो," शिवकांता बोलून गेली.

सिद्धम्मानं ती टोकं बघितलीच नाहीत. पदर ओढून झाकून टाकली. दोघींनी जमिनीला डोळे लावून गोलाई पालथी घातली, मग मांडवात येऊन टोपल्या उपसल्या. बातमी पसरली. वीरण्णा शेटजी नांदेडच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथंच टेकले होते. ते उठून आले. तिच्या पदराआडून डोकावणारी टोकं त्यांनी बघितली. पिशवीतला दारा काढून हळूच तिच्या टोपलीत ठेवला, हात जोडले आणि स्टँडकडं निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. ओठ सुकून पांढरे पडले होते, तरी ती पुन्हा गोलाईकडं वळली.

या खेपेला अर्धापूरची केळी विकणाऱ्या हमीदाबीनं हाक मारली. "अम्मा, कवाची बघून राहिले. काय हरवलं? हे तर न्हाई?"

गाड्यावर केळीच्या पानावर ते काळं लिंग होतं. चौका नव्हता. गाड्याच्या चाकाशी पडलेलं सापडलं, जमिनीवर ठेवायचं नसतं म्हणून वर ठेवलं, असं हमीदाबी सांगत होती. चांदी कुणीतरी लांबवली होती आणि देव टाकून दिला होता.

सिद्धम्मानं लिंग डोळ्यांना लावलं, डाव्या तळहातावर घेतलं. तेव्हा कुठं ती रडली. शिवकांता धावत जाऊन तांब्या घेऊन आली. आईची चांदी गेली म्हणून वहिनी अजून किती रडेल, या धास्तीनं ती समजूत घालू लागली. पण सिद्धम्माचं रडं थांबलं होतं. उजव्या हातानं तिनं गळ्यातली टोकं पहिल्यांदा उजेडात धरली होती. एकही धागा विसकटलेला नव्हता. दोन्ही तोंडं पात्यानं छाटल्यासारखी सारखी.

शिवकांता म्हणाली, आधी पूजा करा, मग दोन घोट पाणी घ्या.

"पाणी ऱ्हाऊ दे. कापलाय गं, तुटला न्हाई. पळ, नांदेडची गाडी थांबव."