नजर रिंगवर

शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत शॉट क्लॉकचं, म्हणजे चोवीस सेकंदांत बॉल रिंगकडं टाकला नाही तर तो दुसऱ्या संघाला देणाऱ्या घड्याळाचं, बटण माझ्या जोडीदाराकडं असतं. शेजारी बसून मी गुण लिहितो. बॉल रिंगला लागला तरच घड्याळ नव्यानं सुरू करायचं, म्हणून तो रिंगशिवाय कुठंच बघत नाही.

परवा फायनलला, अगदी अटीतटीच्या वेळी, त्यानंच भोंगा वाजवून खेळ थांबवला.

"चुकलं माझं," तो पंचांना म्हणाला. "बॉल रिंगला लागलाच न्हवता. मी उगंच टाइम वाढवला. बॉल पलीकडच्यांस्नी द्या."

कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझी तर छाती झाली नसती. यजमान शाळेच्या पोरांचा बॉल गेला तसं सगळं मैदान त्याच्यावर खवळलं. त्यानं तळहात पँटला पुसला आणि तो पुन्हा रिंगकडं बघायला लागला.

सामन्यानंतर शिव्या खात आम्ही गेटपर्यंत आलो, तेव्हा त्यानं मला विचारलं, "जिंकलं कोण वो?"