आईची नोटीस, बाबांचा ओटा

माझे बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि रविवारी कशेळ्याच्या पुढे असलेल्या आमच्या गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. निवृत्त झाल्यावर ते आठवड्याचे सातही दिवस पाळकच असायचे. गावात त्यांना पाळकसाहेब म्हणत.

कायदा पाळण्याच्या बाबतीत ते फार कडक होते. नाक्यावरून दूध आणायला जायचं तरी स्कूटरवर हेल्मेट घालून जायचे, त्याचा पट्टाही लावायचे. घरपट्टीची पहिली पावती दरवर्षी त्यांच्याच नावाने फाटायची. एका वर्षी पंचायतीत पावतीपुस्तक आलेलंच नव्हतं, तर ते येईपर्यंत बाबा रोज चौकशीला जात राहिले. शेवटी ग्रामसेवक त्यांना लांबून पाहिलं की मागच्या दाराने निघून जायला लागला.

हे सगळं त्यांच्या श्रद्धेतून आलेलं होतं. अधिकार चालवणारे देवाने नेमलेले असतात, म्हणून त्यांचं ऐकावं, तेही भीतीपोटी नाही तर मनापासून, असं शास्त्र सांगतं. यावर त्यांचं प्रवचन वर्षातून दोनदा तरी व्हायचं. पत्नीने पतीच्या अधीन असावं हे त्यांचं दुसरं आवडतं प्रवचन. ते करताना ते आईकडे बघत नसत. आई मात्र पूर्ण वेळ त्यांच्याकडे बघत असायची.

आई अंगणवाडीत होती. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं तिने पुसलेली होती. ती निवृत्त झाली त्याच सुमारास सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. गावात दोन गट. एकाचा पुढारी भाताच्या गिरणीचा मालक, दुसऱ्याचा पुढारी पोकलेन आणि काँक्रिट फोडायचे ब्रेकर भाड्याने देणारा. एकाने आपल्या बायकोचं नाव पुढे केलं, दुसऱ्याने भावजयीचं. महिनाभर देवळाच्या पारावर बैठका झाल्या, दोनदा हातघाईवर आलं आणि शेवटी कुणीतरी म्हणालं की अंगणवाडीच्या बाईंना करा, त्या कुणाच्याच नाहीत. दोन्ही गटांना वाटलं, बाई साध्या आहेत, सही म्हटलं की सही करतील. आई बिनविरोध निवडून आली.

बाबांना मनापासून आनंद झाला. दर रविवारी ते राष्ट्रपतींपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना करायचे. आता सरपंचांपाशी आल्यावर त्यांचा आवाज जरा बसायचा. "आमच्या सरपंचांना सुबुद्धी दे," असं ते म्हणाले की पहिल्या रांगेतून आईचं "आमेन" सगळ्यांत मोठ्याने यायचं.

वर्षभर सगळं बरं चाललं. मग आमच्या आळीचा रस्ता काँक्रिटचा करायचं ठरलं आणि त्याच्या कडेने गटार. मोजणी झाली तेव्हा तिघांची बांधकामं गटाराच्या जागेत निघाली. गिरणीच्या पायऱ्या, ब्रेकरवाल्यांच्या गोठ्याची भिंत आणि आमच्या प्रार्थनाघराचा ओटा.

हा ओटा बाबांचा जीव होता. कारखान्यातल्या मित्रांना आणून त्यांनी तो बांधून घेतला होता. उपासना संपली की मंडळी तिथे बसून चहा प्यायची, लग्नात नवरा-नवरी तिथे उभी राहायची. जागा पंचायतीची आहे हे बाबांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

गिरणीवाले आणि ब्रेकरवाले एकमेकांशी बोलत नसत, पण या एका बाबतीत दोघांचं मत जुळलं. आधी सरपंचबाईंनी आपल्या नवऱ्याचा ओटा काढावा, मग आमच्याकडे यावं. हे म्हणताना दोघांची खात्री होती की गोष्ट आता इथेच संपली.

दोन दिवसांनी बाबा जेवायला बसले होते. आई भाकरी वाढत होती. पंचायतीचा शिपाई दारात आला, चप्पल काढून आत आला आणि बाबांपुढे कागद धरला.

"पाळकसायेब, नोटीस हाय. सई पायजे."

बाबांनी कागद वाचला. खाली आईची सही होती. त्यांनी मान वर करून आईकडे पाहिलं. आई म्हणाली की आधी जेवून घ्या, भाकरी गार होते. शिपायालाही तिने भाकरी वाढली. बाबांनी डाव्या हाताने सही केली.

शिपाई गेल्यावर बाबा म्हणाले की नवरा म्हणून मी तुला सांगतो, ही नोटीस मागे घे. आईने शांतपणे ऐकून घेतलं. बायको म्हणून माझी काहीच हरकत नाही, ती म्हणाली, पण नोटीस सरपंचाची आहे आणि सरपंच कार्यालयात भेटतात.

बाबा खरोखर गेले. इस्त्रीचा सदरा घालून, हेल्मेट घालून, चालत जाता आलं असतं तरी स्कूटरवर. मी त्या दिवशी सुट्टीवर होते म्हणून मागोमाग गेले. कार्यालयात कधी नव्हे ती गर्दी होती. कुणाला रहिवासी दाखला हवा होता, कुणाला नळाची तक्रार करायची होती, आणि तक्रार सांगून झाली तरी एकही माणूस घरी जात नव्हता. बाबा बाकावर बसले. त्यांच्या आधी आलेल्या सगळ्यांची कामं होईपर्यंत आईने त्यांना बसवून ठेवलं.

नंबर आला तेव्हा बाबा उठून म्हणाले, "अगं..."

ग्रामसेवक खोकला. आईने चष्म्यावरून पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात बाबांनी आईला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"अहो सरपंचबाई, माझं एक म्हणणं आहे."

"बसा ना पाळकसाहेब," आई म्हणाली.

बाबांनी तयारी करून आणली होती. ते म्हणाले की सत्तेचं ऐकावं हे खरं, पण देवाची आज्ञा आणि माणसाची आज्ञा यांत विरोध आला तर देवाचं ऐकावं, हेही शास्त्रच सांगतं. ओटा देवाच्या घराचा आहे. लोकांनी आईकडे पाहिलं. गिरणीवाले तर खूश होऊन पुढे सरकले.

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तिने हळू आवाजात विचारलं, "उपासना करू नका असं पंचायतीनं सांगितलंय का? ओटा बांधा असं देवानं सांगितलंय का? सांगितलं असेल तर मी आत्ता नोटीस फाडते. तुम्ही फक्त हो म्हणा."

बाबांनी एकदा हो म्हटलं असतं तर ओटा वाचला असता. पण माझे बाबा खोटं बोलत नसत. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "नाही सांगितलं."

घरी येताना ते स्कूटर ढकलत आले. वाटेत मी विचारलं, राग आला का. राग नाही म्हणाले, पण तिनं घरी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग थोडं पुढे गेल्यावर स्वतःच म्हणाले की घरी आपण तिला विचारू दिलं नसतं.

रविवारी उपासनेनंतर चहा झाला. बाबांनी बाह्या वर केल्या, घण घेतला आणि ओट्यावर घातला. टणकन आवाज आला आणि घण उडून मागे आला. मंडळीतल्या तरुणांनी हात लावून पाहिले. ओट्याचा एक कपचा निघाला नाही. कारखान्यातल्या मित्रांनी आत बोटाएवढ्या सळया घातल्या होत्या, वर रेल्वेचा पूल जाणार असावा तशा. बाबा घामाघूम झाले, पण थांबेनात. मजा बघायला आलेली आळी हळूहळू हसायची थांबली. एवढ्यात ब्रेकरवाले पुढे आले.

"सायेब, र्‍हाऊ द्या. तुमच्यानं व्हायाचं नाय. मी मशीन लावतो."

त्यांनी मशीन आणली आणि ओटा तासाभरात गेला. मशीन दारात आलेलीच होती आणि सगळी आळी त्यांच्याकडे बघत होती, म्हणून त्यांनी चडफडत आपल्या गोठ्याच्या भिंतीलाही ती लावली. गिरणीवाले मात्र अडून बसले. त्यांनी वकील केला, आईने तिसरी नोटीस काढली, आणि पायऱ्या निघेपर्यंत तिथल्या गटारावर फरशी पडेना, भाताच्या गाड्यांना ते ओलांडता येईना, तेव्हा शेवटी त्यांनीच पायऱ्या काढल्या. आईशी ते आजही बोलत नाहीत.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाबा प्रार्थनाघराच्या दारात छत्री घेऊन उभे होते. चहाला आता जागा नव्हती, लोक चपला पिशवीत घालून आत आणत होते. गटारातून पाणी नीट वाहत आळीच्या खालच्या टोकाला जात होतं. तिथे एका विधवा बाईचं घर आहे. पूर्वी दर पावसाळ्यात तिच्या घरात पाणी शिरायचं आणि ती खाटेवर चूल मांडायची. अंगणवाडीची मुलं आणायला घरोघर फिरणाऱ्या आईला ते ठाऊक होतं. ओट्याला अडून पाणी वळतं हेही तिने पाहिलं होतं. ती बाई कधी बोलली नाही, कारण ओटा पाळकसाहेबांचा होता.

बाबा छत्री घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. घर कोरडं आहे ना, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "हाय की. सरपंचबाईंना सांगा माझा नमस्कार."

बाबांनी घरी येऊन आईला तो निरोप शब्दाला शब्द सांगितला, अहो-जाहोसकट. आई हसली आणि म्हणाली की सरपंचबाई कार्यालयात भेटतात, तुम्ही आता ओला सदरा बदला. बाबा मुकाट्याने उठले आणि बदलून आले.