डेव्हलपरला मुलगी द्यायची नाही

आमच्या साडूंइतका संकटाची आतुरतेने वाट पाहणारा माणूस मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. सगळं सुरळीत चाललं की त्यांचा जीव खालीवर होतो. घरपोच औषधं मागवायचं ॲप चालवणाऱ्या मालाडच्या एका कंपनीत ते ऑपरेशन्सचे प्रमुख आहेत. ॲप लिहितात ते डेव्हलपर आणि लिहिलेलं दिवसरात्र चालू ठेवतात ते ऑपरेशन्सवाले, एवढं मला साडूंमुळे कळलं. लिहिणारे लिहून मोकळे होतात आणि चालवणारे भोगतात, हेही त्यांच्यामुळेच कळलं.

"चालू आहे ना? मग हात लावायचा नाही," हा त्यांचा धर्म. हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर मुलगी जन्मली तेव्हापासून तिनावर आहे. एकदा मेव्हणीने चहाची पावडर बदलली, तर साडूंनी नव्या पावडरीचा पहिला कप फक्त मला दिला आणि समोर खुर्ची ओढून माझ्याकडे बघत बसले. "काही होतंय?" "नाही." "पोटात?" "नाही हो!" मगच घरच्यांना चहा मिळाला, तरीही परत फिरायची वेळ आली तर असावी म्हणून जुनी पावडर महिनाभर फळीवर राखून ठेवली होती. लग्नाला गेले की अक्षता हातात घेण्याआधी हॉलचा जनरेटर बघून येतात. ॲप कुरकुरलं की कळावं म्हणून मोबाइलवर सायरन लावलाय. तो एकदा सलूनमध्ये वाजला, आणि डाव्या बाजूचे केस कापलेले, उजव्या बाजूचे तसेच, गळ्यात पांढरं फडकं, अशा अवतारात हा गृहस्थ भर बाजारातून लॅपटॉपकडे धावत सुटला. ते फडकं परत करायला मला जावं लागलं.

कंपनीत डेव्हलपर पाचव्या मजल्यावर, साडू दुसऱ्यावर. दोन्ही मजल्यांचा व्यवहार चालायचा तो कंप्युटरवर तक्रारी नोंदवून. चुकून लिफ्टमध्ये गाठ पडलीच, तर दोन्हीकडची माणसं एकमेकांचं तोंड चुकवून मजल्यांचे आकडे वाचत उभी राहायची. "शुक्रवारी संध्याकाळी नवीन काहीतरी आमच्या गळ्यात मारतात आणि अलिबागला जातात रे!" साडू मला सांगायचे. "शनिवारी ॲपची वाट लागते, आणि हे फोन उचलत नाहीत. समुद्रात असतात!"

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, नवरा कोण निवडावा? त्याच कंपनीतला, पाचव्या मजल्यावरचा डेव्हलपर. साडूंनी सोफ्यावरून उठून जाहीर केलं, "डेव्हलपरला मुलगी द्यायची नाही!"

"बाबा, तो माणूस आहे. व्हायरस नाही."

"व्हायरस परवडला गं! त्याच्यावर औषध तरी असतं."

भाची रडली नाही की भांडली नाही. "तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबेन, पण दुसरा मुलगा बघणार नाही," एवढंच म्हणाली. एकदा ठरलं ते बदलायचं नाही, हे तिने बापाकडूनच उचललं होतं. घरात अबोला सुरू झाला. बापलेकीचा तो अबोला बघवत नव्हता. शेवटी मेव्हणीनेच तोडगा काढला. "अहो, आठवडाभर त्याला ऑफिसात तुमच्या शेजारी बसवा. मग खुशाल नाही म्हणा."

मुलगा लॅपटॉप घेऊन तीन मजले उतरला आणि साडूंच्या शेजारी बसला. दुपारी चहाची वेळ झाली तसे साडू उठले, हात पुसले आणि देवपूजा करावी तितक्या निगुतीने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

"सर, हे कशाला?"

"रोज करतो. नाही केलं तर संध्याकाळपर्यंत गुदमरतो तो."

"रोज? सर, आम्हाला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी खाली आलात?"

मुलाने जाऊन शोध घेतला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. दोष त्याच्याच प्रोग्रॅममध्ये होता. वापरलेली भांडी न घासता मोरीत साचू द्यावीत, तशी ॲपने वापरलेली जागा मोकळीच होत नव्हती, आणि साडू इतकी वर्षं रोज दुपारी निमूटपणे मोरी उपसत होते. वरच्यांना ही मोरी आहे हे ठाऊक नव्हतं. भांडी टाकतं कोण हे खालच्यांना ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून दुरुस्ती केली. ती ॲपमध्ये चढवली मंगळवारी सकाळी, साडूंनी परत फिरायची सोय तीन-तीनदा तपासल्यावर.

त्या रविवारी मेव्हणीने बोलावलं म्हणून मुलगा आईवडिलांना घेऊन मुलुंडला, साडूंच्या घरी आला. पोहे झाले, चहा झाला, आणि साडू मात्र मोबाइल हातात घेऊन घामाघूम. "सायरन वाजत नाही! काहीतरी भयंकर झालंय!" त्यांनी पाहुण्यांसमोरच ऑफिसला फोन लावला. "सर, सगळं झकास चालू आहे," पलीकडून कोणीतरी जांभई देत म्हणालं. साडूंनी फोन ठेवला, मुलाला सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं, मग त्याच्या वडिलांकडे वळून विचारलं, "साखरपुडा कधी धरायचा?" भाची तेव्हा रडली. मीही थोडा रडलो, पण मी लग्नाच्या बोलण्यात नेहमीच रडतो.

आता लिहिणारे आणि चालवणारे एकाच मजल्यावर, एकाच टेबलाशी बसतात. भाची बोरिवलीला नांदते. परवा रविवारी मी मुलुंडला गेलो, तर साडू जावयाला फोन लावून बसले होते. आदल्या दिवशी दोघं ऑफिसात दिवसभर शेजारी होते, तरीही. "सर्व्हर बरा ना रे? जागा आहे ना पुरेशी? आणि बॅकअप?" सगळं ठीक होतं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण साडू फोन ठेवेनात. मग माझ्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ती? जेवते ना वेळेवर?"