जाधव सरांचा रोमन रांजण

ऑगस्टसला थंडी सोसत नसे, हिवाळ्यात तो चार-चार अंगरखे घाली. त्याला महाडची हवा मानवली असती, असं जाधव सर वर्गात अगदी काळजीनं सांगत. रोमचे सम्राट जणू चवदार तळ्याच्या पलीकडच्या आळीतच राहायला होते. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा हा माणूस घरी बसून, एकट्यानं लॅटिन शिकला होता. रोम मात्र पाहिलेलं नव्हतं. "जाऊन काय करू? माझ्या ओळखीचं कोणी उरलं नाही तिथं," म्हणत.

रोमचा माल थेट सावित्रीच्या खाडीत उतरे, असा लेख त्यांनी तरुणपणी लिहिला होता. पुरावा म्हणजे खाडीकाठच्या दासगावला मिळालेलं रोमन रांजणाचं एक खापर. ते निवृत्त झाले त्या वर्षी दासगावच्याच शमीमभाभींना संडासाचा खड्डा खणताना तसल्याच रांजणाचं अख्खं निमुळतं बूड सापडलं. वर्तमानपत्रात बातमी आली, वाचनालयानं सरांचा सत्कार ठरवला.

आदल्या दिवशी सरांनी मला घरी बोलावलं. रांजणाच्या आतला काळा थर त्यांनी खरवडला आणि चिमट्यानं निखाऱ्यावर धरला. डांबराचा वास सुटला. रोमन लोक आतून राळ लावत, डांबर लावणारे इराणच्या आखाताकडचे, ते म्हणाले. त्यांनी जुनं खापर काढून पाहिलं. त्यालाही तोच थर. म्हणजे लेखही गेला. मी सुचवलं, सत्कार होऊन जाऊ द्या, महाडात कोणाला कळणार आहे?

"मला कळलंय ना," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हार गळ्यात पडायच्या आत त्यांनी उभं राहून सगळं सांगून टाकलं. अध्यक्षांना हातातला हार कुठे ठेवावा कळेना. तेवढ्यात शमीमभाभींनी बसल्या जागेवरून विचारलं, मग हा रांजण आला कुठून? सरांनी आखाताचा किनारा सांगितला, बसरा सांगितलं, कुवेत सांगितलं.

"आमचे हे कुवेतलाच हायत, सर. म्हणजे ये-जा जुनीच हाय की."

आधी सर हसले, मग सगळी सभा. तो हार त्यांनी भाभींना द्यायला लावला.

त्याच आठवड्यात त्यांनी लेख मागे घेतल्याचं पत्र टाकलं आणि वयाच्या साठाव्या वर्षी फारसी शिकायला घेतली. शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा उशाशी फारसीचं पुस्तक होतं. कसं वाटतंय विचारलं, तर म्हणाले, "लॅटिनपेक्षा सोपी आहे."