दादाची तलवार वाकत नाही

भर दुपारी भट्टीशेजारी आडव्या झालेल्या अबुलूचा डोळा लागतो आणि उघडतो, पुन्हा लागतो. स्पेनमधलं फार जुन्या काळचं हे केल्टिबेरियन लोकांचं डोंगरी गाव. रोमन सैन्याने त्याला चहूबाजूंनी भिंत घालून चार महिने झालेत. गावात दाणा नाही, या लोहाराच्या भट्टीत कोळसा नाही. अंथरुणाखाली मात्र मेल्मूदादाची तलवार आहे आणि ती तिथं असायला नको होती.

योद्धा मेला की त्याची तलवार तापवून वाकवायची आणि त्याच्याबरोबर पुरायची, ही यांची रीत. अबुलूने सख्ख्या भावाच्या खड्ड्यात दुसरंच एक भंगार, वाकलेलं पातं टाकलं. उद्या पहाटे गाव भिंत फोडून बाहेर पडणार आणि त्याची स्वतःची तलवार मोडलेली. लोहाराच्याच घरी तलवार नाही, आता बोला.

"अबुलू, सरक जरा."

आठ दिवसांपूर्वी मेलेला मेल्मू शेजारी येऊन बसतो. अंगावर पुरताना होती तीच काळी घोंगडी. जमीन खाली जाते आणि दोघे भाऊ बाबांच्या खड्ड्यात असतात. बाबा इथं लोखंडाचे पत्रे वर्षानुवर्षं पुरून ठेवायचे. कच्चं लोखंड माती खायची, उरलेल्या पक्क्याची तलवार व्हायची. आज खड्ड्याला वर तोंडच दिसत नाही.

"तू इथं कसा, दादा?"

"मेलेल्यांच्या वेशीतून पुढे सोडत नाहीत. पातं दाखवलं, तर म्हणाले, हे तुझं नव्हे. मागेही फिरता येईना."

"आमचीही तीच गत आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर मागायची लाज वाटते."

अबुलूला रडू येतं आणि रागही येतो. "मग मी उद्या रित्या हातांनी जाऊ?"

मेल्मू आपल्या पायांकडे बघतो. त्याच्या पायांची बोटं गंजून गळताहेत. माती दादाला कच्चा समजून खाते आहे, हे अबुलूला बघवत नाही.

अबुलू दादाची तलवार वाकवायला डोक्यावर आडवी धरतो आणि तिची दोन्ही टोकं खांद्यांपर्यंत ओढतो. सोडली की सरळ. पुन्हा ओढतो, पुन्हा सरळ.

"तूच एवढी चांगली केलीस," मेल्मू हसतो. "आगीशिवाय ऐकायची नाही ती."

"गावात काटकीसुद्धा उरली नाही, दादा."

मेल्मू वर बघतो. खड्ड्याच्या भिंतीला अबुलूची ढाल टांगलेली आहे. वाळलेलं जुनं लाकूड, मधोमध काशाची वाटी.

"ती नको," अबुलू म्हणतो. "तेवढी नको मागूस."

"बरं, राहू दे." मेल्मू घोंगडी काढून अबुलूच्या अंगावर टाकतो. लहानपणी थंडीत टाकायचा तशीच. स्वतः उघडाच बसून राहतो.

अबुलू जागा होतो. ऊन अजून दारातच आहे. खुंटीवर ढाल नाही. भट्टीत राख आहे, राखेत काशाची वाटी. हात लावताच चटका बसतो. ऐरणीवर दादाची तलवार दुमडून पडली आहे. तो दोन्ही टोकं धरून जीव खाऊन ओढतो. ती सरळ होत नाही.

मग तो ती उचलतो आणि दादाचा खड्डा उकरायला कुदळ शोधू लागतो. कोपऱ्यात घण उभा आहे. त्याचाही दांडा लाकडाचाच, पण तो शाबूत आहे. उद्या पहाटे हातात धरायला दादाने तेवढा त्याच्यासाठी ठेवला.