मार न लागलेला खांदा

चुडाव्याच्या सविताबाईंनी फळीवरचा डबा काढायला उजवा हात उचलला आणि तो छातीपाशीच थांबला. पुढं जाईचना.

खांदा तसा बरेच दिवस दुखत होता. त्या कुशीवर झोपलं की कळ यायची, ब्लाऊज घालताना हात मागं जात नव्हता. पण बोलणार कुणाजवळ? नवरा लिंबाजी रेल्वेत गँगमन होते. लकव्यानं डावी बाजू गेल्यापासून ते खाटेवरच. त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं सविताबाईच करत. काखेत हात घालून त्या भरल्या अंगाच्या माणसाला वर ओढत.

धाकटे दीर परमेश्वर त्यांना परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

"कधी पडलात? झटका बसला?"

"न्हाई ओ. काईच झालं न्हाई."

एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, "स्नायू हाडाला ज्या पट्टीनं बांधलेला असतो, ती फाटलीय."

"मी पडलेच न्हाई, तर फाटली कशानं?"

"त्यासाठी पडावंच लागतं असं नाही. वय वाढतं तशी ती पट्टी झिजते, तिला रक्तही कमी मिळतं. वरून रोजचा ताण. मग धागे सुटत जातात. काहींना तर फाटलेली कळतही नाही." डॉक्टरांनी विचारलं, "घरी वजन काय उचलता?"

परमेश्वर हळूच म्हणाले, "माझ्या भावाला उचलतात."

ऑपरेशनची घाई नको, काही महिने व्यायाम करून पाहू, पण उचलणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी येऊन सविताबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "वातानं आखडलाय." पण अंगणात दिरांशी चाललेलं बोलणं लिंबाजींच्या कानावर गेलं होतं. सकाळी त्या उठवायला आल्या, तेव्हा त्यांनी चांगल्या हातानं खाटेची कड घट्ट धरली.

"हात लावू नको मला. तुझा खांदा म्याच खाल्ला."

"अवो, वयानं झिजलाय. डॉक्टरच म्हनले."

"वयानं? मंग डावा कामून न्हाई झिजला?"

सविताबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि रडल्या. लकवा झाला तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. लिंबाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मग परमेश्वरांनी खाटेच्या वर, छताच्या लोखंडी पाइपाला जाड दोर बांधला. तो धरून स्वतःला वर ओढायचं. लिंबाजी पुन्हापुन्हा मागं पडत, चिडत, दोर सोडून देत. त्यांना अंघोळ घालायला परमेश्वर रोज येऊ लागले. इकडं सविताबाई भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायच्या, रबरी पट्टा ओढायच्या. फाटलेलं सांधलं नाही; आजूबाजूचे स्नायू बळकट झाले आणि त्यांनी भार घेतला. हात डोक्यापर्यंत जाऊ लागला. त्याच्या वर आजही जात नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी दोर करकरला. सविताबाई धावत आत आल्या. लिंबाजी दात आवळून अर्धे उठले होते, अंग थरथरत होतं. सविताबाईंचे हात आपोआप पुढं झाले, पण त्यांनी ते मागं घेतले आणि तिथंच उभ्या राहिल्या.

लिंबाजी बसले. घामानं भिजले होते. सविताबाईंनी त्यांच्या चांगल्या हातात टॉवेल दिला.