स्वतःविरुद्ध खोटी साक्ष

“लिहा जी, पोराची माय मरून राहिली होती म्हणून तो जहाजात बसला,” उत्तमराव म्हणाले.

पोराची माय त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून सुपारी कातरत होती. तब्येत ठणठणीत. जठारपेठेतल्या माझ्या ऑफिसचा जिना दोघांपैकी आधी तीच चढून आली होती.

“गोदाबाई तर चांगल्या दिसतात,” मी म्हणालो.

“आता हाये ना जी चांगली. तवा बिमार होती.”

“मले काईच झालं नवतं,” गोदाबाई म्हणाल्या.

“तू चूप बस ना वं! पोट्ट्याचं कार्ड जाऊन राहिलं, अन् हिले खरं बोलाची पडली!”

सदुसष्ट-अडुसष्टची ही गोष्ट. मी तेव्हा अकोल्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करत असे. दिवाणी म्हणजे मारामाऱ्या आणि खून सोडून उरलेली सगळी भांडणं. उत्तमराव माझे जुने अशील. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांनी सख्ख्या चुलतभावाशी दोन दावे लढवले होते आणि तिसऱ्याची तयारी चालू होती. त्यांचा मुलगा वसंत इंजिनियर होऊन अमेरिकेत गेला, तिथंच नोकरीला लागला आणि त्यानं कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. या परवान्याला ग्रीन कार्ड म्हणतात. आता हा शब्द घरोघरी झाला आहे. तेव्हा उत्तमराव म्हणाले होते, “आपलं रेशन कार्ड असते ना जी, तसंच, पण हिरवं.”

या अर्जाची एक मेख होती. अर्ज पेंडिंग असताना परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं, तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं सरकार धरतं. म्हणून वसंत दोन वर्षं घरी आला नव्हता. जाण्याआधी अमरावतीच्या शालिनीशी त्याचा साखरपुडा झाला होता. ती तिथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. कार्ड हातात पडलं की वसंत येणार आणि लग्न होणार, असं ठरलं होतं. दोन वर्षांत शालिनीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होऊन तिला मूलही झालं. अमरावतीचे लोक शालिनीला रस्त्यात थांबवून “कार्ड आलं का?” असं विचारायला लागले होते.

आणि या दिवट्यानं मध्येच चार दिवसांची समुद्रसफर केली. मौजेसाठी चालणारं जहाज. अमेरिकेच्या बंदरातून निघायचं, जवळच्या एका बेटाला जाऊन तिथंच परत यायचं. बेट दुसऱ्या देशाचं. तिकीट काढताना हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. परत आल्यावर त्यानं ऑफिसात बेटाचं वर्णन करून सगळ्यांना जळवलं. पुढे त्याच्या बॉसनं अर्जाला जोडायचं शिफारसपत्र लिहिलं. त्यात कौतुकानं एक वाक्य घातलं: हा तरुण उत्साही आहे, नुकताच तो बेटांची सफर करून आला. इमिग्रेशनच्या साहेबानं नेमकं तेच वाक्य वाचलं. त्यानं नोटीस काढली: अर्ज सोडून दिला असं का धरू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करा.

वसंतानं नोटिशीची नक्कल वडिलांना पाठवली होती. सोबत लिहिलं होतं, ‘वकीलसाहेबांना विचारा, काही ॲफिडेव्हिट करता येईल का.’ ॲफिडेव्हिट म्हणजे शपथेवर लिहून दिलेलं कथन. उत्तमरावांच्या मते त्याचा अर्थ, वकिलानं लिहायचं आणि आपण अंगठा द्यायचा. पत्र अकोल्याला पोचेपर्यंत तेरा दिवस गेले होते. उरले सतरा.

“उत्तमराव, आई आजारी म्हणून माणूस भारताच्या जहाजात बसेल. हा चार दिवसांत तिथंच परत आला. साहेब विचारेल, एवढ्यात आई बरी कशी झाली?”

“अर्ध्या रस्त्यात तार भेटली म्हना, माय सुदरली म्हनून.”

मी हसलो नाही. असं काही हसत हसत मान्य केलं की अशील ते खरंच धरतात.

मी नोटीस पुन्हा वाचली. अमेरिकेचा कायदा मी कधी उघडूनही पाहिलेला नव्हता. पण नोटीस वाचायला कायदा लागत नाही, चष्मा लागतो. साहेबाचं म्हणणं एवढंच होतं की अर्जदार ‘परदेशी बंदरात किंवा ठिकाणी’ जाऊन आला. माझ्या दिवाणी डोक्यानं लगेच विचारलं, गेला होता हे कशावरून? बॉसच्या पत्रावरून. आणि बॉसला कोणी सांगितलं? वसंतानं.

“या सफरीबद्दल त्यानं घरी काही लिहिलं होतं?”

“मले नाई लिहिलं,” उत्तमराव म्हणाले.

“मले लिहिलं,” असं म्हणून गोदाबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि पिशवीतून एक निळं पत्र काढलं. घडीवर ते फाटायला आलं होतं. “गुरुजीकून तीनदा वाचून घेतलं म्या. लेकराचे लय हाल झाले जी.”

पत्रात बेटाचा एक शब्द नव्हता. होत्या त्या ओकाऱ्या. ‘आई, जहाज पाळण्यासारखं हलत होतं. चार दिवस पलंगावरून उठलो नाही. तू पाठवलेली जवसाची चटणी चाटून राहिलो. परत आलो तेव्हाच जमिनीला पाय लागला.’

मी शेवटचं वाक्य बोटानं दाबून धरलं. चार दिवस पलंगावर पडलेला माणूस बेटांची सफर कशी करतो?

“शालिनीबाईंनाही पत्र गेलं असेल?”

“गेलंच असन ना,” गोदाबाई म्हणाल्या. “तिले त लांब लांब लिवते.”

दुसऱ्या दिवशी मी कोर्टातली दोन प्रकरणं मित्रावर सोपवली आणि एस.टी.नं मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला गेलो. मधल्या सुट्टीत शाळेच्या स्टाफरूममध्ये शालिनी भेटली. अंगानं किरकोळ, नजर अगदी सरळ. मी नोटिशीबद्दल सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. 

“म्हणजे कार्ड गेलं?”

“अजून गेलं नाही. सफरीबद्दल त्यांनी तुम्हाला काय लिहिलं, ते मला पाहायचं आहे. बाकीचं पत्र वाचणार नाही.”

तिनं पर्समधून पत्र काढलं, वरचा आणि खालचा मजकूर घडी घालून झाकला आणि मधला परिच्छेद माझ्यासमोर धरला. मी वाचला. ‘बेट फार सुंदर आहे. हवा थंड. सकाळी दरीत धुकं उतरतं. उतारावर कॉफीची झाडं. कड्यावर उभं राहून हाक मारली की पाच वेळा उलटून येते. मी तुझ्या नावानं हाक मारली.’

“छान लिहिलं आहे,” मी म्हणालो.

“छान आहेच. चिखलदरा आहे तो.”

मी पुन्हा वाचलं. थंड हवा, दरी, कॉफी, पाच वेळा उमटणारा आवाज. बेटाचा कुठे पत्ताच नव्हता, अख्खा चिखलदरा समुद्रात नेऊन ठेवला होता.

“आमच्या शाळेची ट्रीप दर हिवाळ्यात तिथंच जाते,” शालिनी म्हणाली. “आणि मी भूगोल शिकवते, वकीलसाहेब. नकाशात पाहिलं मी. ते बेट ताटासारखं सपाट आहे. त्याला दरी कुठून येणार?”

“मग तुम्ही त्यांना विचारलं नाही?”

“काय विचारायचं? एवढं मन लावून लिहिलं होतं. म्हटलं, लग्न झाल्यावर कामी येईल.” ती हसली, आणि लगेच थांबली. “पण मला अजून दोन वर्षं नाही हो थांबता येणार. घरचे थांबूही देणार नाहीत.”

 इतका वेळ मला या प्रकरणाची मजाच वाटत होती.

खोटे साक्षीदार मी शेकड्यानं पाहिले. पण ते सगळे स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलणारे. स्वतःचं नुकसान करून घ्यायला खोटं बोलणारा हा मला भेटलेला पहिलाच. आईला खरं लिहिलं, कारण आईकडून कीव हवी होती. होणाऱ्या बायकोला आणि बॉसला थाप मारली, कारण त्यांच्याकडून कौतुक हवं होतं.

आता प्रश्न एकच उरला. हा उतरला नाही हे दिसतच होतं, पण जहाज तरी बेटाला लागलं होतं का? लागलं असेल तर हा पलंगावर होता की कड्यावर, हे साहेब विचारणार नाही. अकोल्याला परतल्याबरोबर मी तार केली: जहाज बेटाला लागलं होतं का? हो की नाही, एवढंच कळवा.

तारबाबूनं मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, “साहेब, कोणतं जहाज? अकोल्यात?”

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: नाही. वादळामुळे बंदरात शिरता आलं नाही, कप्तानानं मागे वळवलं. कृपया शालिनीला कळवू नका.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. जहाज अमेरिकेतून निघालं, पाण्यात गोल फिरलं आणि अमेरिकेत परत आलं. मध्ये ना परदेशी बंदर, ना परदेशी ठिकाण. त्याच्या पासपोर्टवर शिक्का नसणार आणि जहाजाच्या नोंदवहीत वादळ असणार. जहाज कंपनीचं पत्र आणायचं, बॉसकडून दुरुस्तीचं पत्र घ्यायचं आणि खुलासा द्यायचा. हे सगळं मी खुलाशाच्या मसुद्यासकट त्याच दिवशी एअरमेलनं पाठवलं. पत्र पोचेपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून थोडक्यात तारही केली.

वसंताची उलट तार आली: जहाज कंपनीचं पत्र मिळेल. बॉसला खरं सांगणं अशक्य. नाक कापलं जाईल. दुसरा उपाय सुचवा.

उत्तमराव तार ऐकून लाल झाले. “अशक्य काहून? चार दिवस ओकत होता हे सांगाले काय लाज? तुमी माह्यं आयका, माय बिमारच लिहा.”

“लिवा बरं एकडाव,” गोदाबाई वैतागून म्हणाल्या. “मी मरतो आता खरंच.”

मुदतीचे नऊ दिवस उरले होते. मी शालिनीला शाळेत फोन लावला आणि सगळं सांगून विचारलं, तुमचं नाव वापरू का? ती म्हणाली, वापरा, आणि तिनं मजकूरही सांगितला. मी तार केली: चिखलदरा मीही पाहिला आहे. बॉसला सांगा. शालिनी.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. त्यात दोनच शब्द होते: सांगितलं. क्षमस्व.

बॉस म्हणे पोट धरधरून हसला आणि त्यानं दुरुस्तीचं पत्र स्वतः नेऊन दिलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, हा तरुण उत्साही आहे, परंतु त्यानं कोणतंही बेट पाहिलेलं नाही. साहेबानं खुलासा मान्य केला. अर्ज जिवंत राहिला आणि पाच महिन्यांनी कार्ड आलं.

लग्न अमरावतीला झालं. वसंत माझ्या पाया पडायला वाकला. “काय, बेटावर हवा कशी होती?” मी हळूच विचारलं. मान खाली घालून तो म्हणाला, “तिनं लग्नाला होकार देताना अट घातली जी. लग्न झालं की आधी बेट दाखवायचं.”

आठवड्यानं मला चिखलदऱ्याहून कार्ड आलं. अक्षर शालिनीचं. ‘वकीलसाहेब, आम्ही बेटावर सुखरूप पोचलो. यांनी कड्यावरून माझ्या नावानं हाक मारली, ती खरोखर पाच वेळा उलटून आली. तेव्हा तेवढा भाग खरा धरावा.’

त्यानंतरची सगळी वर्षं मी नव्या अशिलाला पहिला प्रश्न एकच विचारत आलो: यातलं आईला काय सांगितलंय? ते आधी ऐकायचं. बाकीची कागदपत्रं नंतर बघता येतात.